एकट्याला ओढता येईल असा

पंचाहत्तरी हॉटेलात करायची नाही, हे पद्माकररावांनी आधीच सांगून टाकलं होतं. होडी घेऊन हरियाणातल्या सोहन्याच्या पलीकडच्या तळ्यावर जाऊ, यंदा पाऊस चांगला झालाय, पाणी अजून टिकून आहे. तुम्ही काठावर बसा, मी एक चक्कर मारून येतो, मग डबे उघडू. पत्नी साधना गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांनी स्वतःहून काही सुचवल्याचं हे पहिलंच. म्हणून मुलाने, श्रीरंगने, हॉटेलात बुक केलेलं टेबल रद्द केलं. मुलीने, रेवतीने, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या. आई गेल्यानंतर तिने पुरण शिजवलं नव्हतं.

होडीचं नाव 'टिटवी'. दोन माणसांची, फायबरची, शिडाची. पद्माकरराव पाणी खात्यात नवे होते तेव्हा ओखल्याला यमुनेवर शिडाची होडी चालवायला शिकले आणि नंतर ही टिटवी त्यांनी एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याकडून घेतली. ते सुकाणूला बसत, साधना पुढच्या शिडाशी. मुलांना त्यात कधी गोडी वाटली नाही. श्रीरंगला उलट्या व्हायच्या, रेवतीला ऊन सोसायचं नाही. टिटवी आईबाबांचीच राहिली. मयूर विहारच्या सोसायटीत, खांबांमधल्या पार्किंगच्या अगदी टोकाला, ट्रेलरवर ताडपत्री पांघरून ती उभी असे.

त्या सकाळी श्रीरंग ट्रेलर गाडीला जोडायला पुढे झाला, तर बाबा म्हणाले, "राहू दे. मला सवय आहे."

पद्माकररावांच्या गाडीत त्यांच्याशेजारी सून हेमलता बसली, मागच्या गाडीत श्रीरंग आणि रेवती. असं का, ते हेमलताला ठाऊक होतं. भावाबहिणीला बोलायचं होतं. बाबांनी आता मयूर विहारचा फ्लॅट भाड्याने देऊन गुरुग्रामला आपल्या घरी यावं, हे श्रीरंगला त्यांच्यापुढे मांडायचं होतं आणि त्याआधी बहिणीला राजी करायचं होतं. गुरुग्रामच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर कोण असतं, हे दोघांनीही हेमलताला विचारलं नव्हतं. मुलगी रुचिता नोकरीला बंगळुरूला गेली होती. श्रीरंग महिन्यातला अर्धा वेळ दौऱ्यावर. घरात असायची ती हेमलताच.

सासऱ्यांशी काय बोलावं, हे तिला लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही कळलं नव्हतं. जे काही बोलणं व्हायचं ते सासूबाईंच्या मार्फत. आता तो दुवाच उरला नव्हता, म्हणून दोघंही समोरच्या रस्त्याकडे पाहत होते. होळीआधीचा वारा सुटला होता. एकदा पद्माकरराव म्हणाले की आज वारा पश्चिमेचा आहे, आणि ती "अच्छा" म्हणाली.

सोहन्याच्या अलीकडे, चढ लागायच्या आधी, तिला जळका वास आला. तिने काच खाली केली. मागून श्रीरंगच्या गाडीचा हॉर्न सारखा वाजत होता, पद्माकररावांच्या खिशातला फोनही वाजत होता, पण ते गाडी चालवताना फोन घेत नसत. मग खडखडाट झाला, गाडीला मागून हिसका बसला, आणि हेमलताच्या खिडकीबाहेरून एक चाक एकटंच, अगदी ताठ, त्यांना मागे टाकून पुढे पळत गेलं.

ते आपलंच आहे, हे तिच्या लक्षात यायला क्षणभर गेला. पद्माकरराव काही न बोलता गाडी हळूहळू कडेला घेत होते. ट्रेलरची एक बाजू डांबरावर घासत होती. चाक मात्र थांबलं नव्हतं. ते रस्ता सोडून एका ढाब्यासमोरच्या अंगणात शिरलं, प्लास्टिकच्या रिकाम्या खुर्च्या उडवत गेलं आणि एका खाटेच्या पायाला धडकून आडवं झालं. खाटेवर एक म्हातारा ऊन खात बसला होता. खाट सरकली, म्हातारा तसाच बसून राहिला. हेमलता धावत पोचली तेव्हा तो चाकाकडे बघत होता.

"किसका है?" त्याने विचारलं.

 ती त्याच्या खाटेच्या कडेला बसली आणि थरथरत राहिली.

*

श्रीरंग आधी म्हाताऱ्याकडे गेला. त्याला काही लागलं नव्हतं, तरी त्याने दोनदोनदा विचारलं, ढाबेवाल्याची माफी मागितली, खुर्च्या उचलून जागेवर ठेवल्या. हात कामात असेपर्यंत तो ठीक होता. नंतर तो ट्रेलरजवळ आला. बाबा रस्त्यावर गुडघे टेकून वाकले होते. चाकाच्या बेअरिंगचा चुरा झाला होता, ॲक्सलचं टोक काळंनिळं पडलं होतं आणि जिथे रंग खरवडला गेला तिथून लोखंडाचे पापुद्रे सुटत होते. सांगाडा आतून गंजला होता. आजचं जाऊ दे, हा ट्रेलर पुन्हा कधीच रस्त्यावर आणण्यासारखा राहिला नव्हता.

होडी परत न्यायला टेम्पो हवा होता, ट्रेलर उचलायला कुणीतरी हवं होतं. या भागातलं कोण ओळखीचं, असं श्रीरंगने विचारलं, तर बाबा म्हणाले, बघू. तेव्हा त्याला गुलाबराव आठवले. गुलाबराव बाबांचे खात्यातले जुने सहकारी. आई गेल्यावर दर पंधरवड्याने तेच बाबांबरोबर तळ्यावर यायचे, पुढच्या शिडाशी बसायचे. आज त्यांना सर्दी झाली म्हणून आले नाहीत, असं बाबांनी सकाळी सांगितलं होतं. श्रीरंगने त्यांना फोन लावला.

गुलाबरावांचा आवाज ठणठणीत होता. ते अमरावतीला मुलाकडे होते. दिल्लीचं घर सोडून त्यांना वर्ष उलटून गेलं होतं. पद्माकर अजून होडी काढतो का, असं त्यांनी कौतुकाने विचारलं आणि बरोबर कोण असतं तेही विचारलं.

श्रीरंगने फोन ठेवला. बाबा ट्रेलरपाशीच उभे होते. बोलणं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं.

"वर्षभर तुम्ही एकटे जात होतात," श्रीरंग म्हणाला.

"हो."

"आणि आम्हाला गुलाबराव म्हणून सांगत होतात."

"तुम्ही दर वेळी विचारायचात, बरोबर कोण आहे. काहीतरी सांगावं लागायचं."

श्रीरंगला ओरडायचं होतं, पण ढाब्यावरची माणसं बघत होती. होडी उलटली असती तर आम्हाला कधी कळलं असतं, आज ते चाक एक हात इकडे आलं असतं तर काय झालं असतं, हे त्याने खालच्या आवाजात, दात आवळून विचारलं.  बाबांचे हात ग्रीसने काळे झाले होते आणि ते कुठे पुसावेत ते त्यांना सुचत नव्हतं.

रेवती तोवर नेहमीप्रमाणे बाबांच्या बाजूने होती. गाडीत येताना तिने भावाला सांगितलं होतं की बाबांना गुरुग्रामला नेऊन कोंडू नकोस, त्यांना त्यांची होडी राहू दे. आता ती पुढे आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"बाबा, तुम्ही घरी एकटे असता. मीही रविवारी एकटीच असते, हे तुम्हाला माहीत आहे. मेट्रोने सरळ येता येतं माझ्याकडे. तरी तुम्ही सगळी दिल्ली ओलांडून इथे येत होतात, पुन्हा एकटेच राहायला?"

पद्माकररावांनी तिच्याकडे पाहिलं. 

टेम्पो येईपर्यंत दुपार झाली. टिटवी दोरांनी बांधून टेम्पोत चढवली, मोडका ट्रेलर ढाब्यामागे सोडून दिला. पुरणपोळ्यांचा डबा रेवतीने ढाबेवाल्याच्या बायकोला दिला. त्यातल्या दोन त्या म्हाताऱ्याने तिथेच बसून खाल्ल्या.

*

पुढच्या रविवारी सगळी मयूर विहारला जमली. टिटवी खाली पार्किंगमध्ये जुन्या टायरांवर ठेवलेली होती. चाकांविना ती आणखी लहान दिसत होती.

श्रीरंगने मुद्दे ठरवून आणले होते. नवा ट्रेलर घ्यायचा नाही. होडी एखाद्या क्लबला देऊन टाकायची, तिथे शिकणारी मुलं वापरतील. बाबांनी गुरुग्रामला यायचं. रेवतीने मधला मार्ग काढला होता: होडी तळ्याकाठीच कुणाच्या तरी आवारात कायमची ठेवावी, म्हणजे ती रस्त्यावर आणायचा प्रश्नच नको. जायचं तेव्हा टॅक्सीने जावं, कुणाला तरी घेऊन. "कुणाला तरी" म्हणताना तिने भावाकडे पाहिलं आणि त्याने खिडकीबाहेर. तो येणार नव्हता, तीही येणार नव्हती. रेवतीला ते तिथल्या तिथे उमगलं. बाबांना एकटं जाऊ नका म्हणणारे दोघे, आणि दोघांपैकी एकालाही त्यांच्याबरोबर जायचं नव्हतं. 

पद्माकररावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी फरिदाबादला एकाशी बोललोय. तो ट्रेलर बनवतो. दोन तयार आहेत. मंगळवारी बघायला जातो."

श्रीरंग उठून उभा राहिला. तुम्हाला जे करायचंय ते तुम्ही करणारच, मग आम्ही इथे आलो कशाला, असं म्हणून तो चपला शोधायला लागला. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून हेमलता म्हणाली, "मंगळवारी मी जाते बाबांबरोबर."

श्रीरंगने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने शत्रूच्या गोटात पाऊल टाकलं. होडीचं नाव काढलं तरी नाक मुरडणारी ती. आईच्या आजारपणातसुद्धा तिने एकदा म्हटलं होतं की एवढा वेळ त्या होडीला दिला, तेवढा घराला दिला असता तर. ते शब्द तिला आठवत होते. म्हणूनही तिला जायचं होतं, पण मुख्य कारण वेगळं होतं. त्या दिवशी सगळे आधी म्हाताऱ्याकडे, मग ट्रेलरकडे धावले. ती खाटेवर थरथरत बसली असताना तिच्या डोक्यावर हात ठेवणारे एकटे पद्माकरराव होते. त्यांच्या हाताच्या ग्रीसचा डाग तिच्या ओढणीवर अजून होता.

"तुला ट्रेलरमधलं काय कळतं?" श्रीरंगने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "बघायला जायचंय फक्त."

*

फरिदाबादच्या त्या कारखान्यात वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. मालक मोकळा माणूस होता. जनरेटरचे, शेतीचे ट्रेलर तो रोजच बनवायचा, होडीचे क्वचित. दोन्ही ट्रेलर त्याने उन्हात ओढून ठेवले होते.

पहिला हलका आणि अरुंद होता. त्यावर रबरी रूळ होते, नाकाशी एक छोटं तिसरं चाक आणि समोर विंच, म्हणजे हाताने फिरवायची चरखी, तिच्यावर पट्टा गुंडाळलेला. पट्टा होडीला अडकवायचा, चरखी फिरवायची, होडी पाण्यातून आपोआप वर चढते. दुसरा रुंद होता, बुटका, वजनदार. सगळा सांगाडा जस्ताच्या मुलाम्याचा, चाकं गाडीच्या चाकांएवढी, होडी टेकवायला गादी लावलेल्या फळ्या. तो रस्त्यावर दगडासारखा स्थिर राहील, असं मालकाने सांगितलं. मात्र पाण्यातून भरलेला वर घ्यायचा तर दोन-तीन माणसं हवीत.

पद्माकरराव पहिल्याकडे गेले. तिसरं चाक फिरवून पाहिलं, दांडा उचलून पाहिला, तो एका हाताने उचलला गेला. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडी हुशारी आली.

"एकट्याला ओढता येईल असा आहे," ते हेमलताला म्हणाले.

 मग तिने विचारलं की आधीच्या ट्रेलरचं बेअरिंग गेलं कशाने, ग्रीस भरायचं राहिलं होतं का.

"ग्रीस भरत होतो मी." त्यांनी दांडा खाली ठेवला. "लांबून आलं की चाकांच्या मधले हब, बेअरिंग बसवलेलं असतं ते, तापलेले असतात. तसेच पाण्यात घातले की एकदम थंड होतात आणि पाणी आत ओढून घेतात. आतून गंज धरतो. म्हणून आधी थांबायचं असतं, निवेपर्यंत. साधना तेवढ्यात चहा काढायची. थर्मासमधला. अर्धा तास सहज जायचा."

"आणि नंतर?"

"गुलाबरावही थांबायचा, गप्पा मारत. मग तोही गेला." त्यांनी वाकून ट्रेलरच्या हबवर बोट फिरवलं. "मला माहीत होतं गं थांबायचं असतं ते. पण एकट्याने तिथे नुसतं बसायचं... पाण्यावर एकटं वाटत नाही. काठावर वाटतं. म्हणून मी पोचलो की सरळ पाण्यातच घालायचो."

हेमलताने मान वळवली. दुपारी साड्या-चादरी पुन्हा पुन्हा घड्या करून ठेवणारी आपण, टीव्हीचा आवाज नुसता घरात असावा म्हणून लावणारी आपण, हे तिला त्यांना सांगावंसं वाटलं. पण तसं बोलायची सवय दोघांनाही नव्हती.

मालक परत आला. कोणता पक्का करायचा, त्याने विचारलं. पद्माकररावांनी पहिल्यावर हात ठेवला. मग हात काढला. दुसऱ्याभोवती एक फेरी मारली, वाकून ॲक्सल पाहिला, फळ्यांवरची गादी दाबून पाहिली. बराच वेळ ते दोन्हींच्या मध्ये उभे राहिले.

"ये वाला," ते म्हणाले. हात रुंद ट्रेलरवर होता.

मालकाला आनंद झाला. "इसमें भी विंच लगा दूँगा, साहब. अकेले भी खींच लोगे."

"नहीं," पद्माकरराव म्हणाले. "विंच मत लगाना."

मालकाने हेमलताकडे पाहिलं. तिलाही काही कळलं नव्हतं, पण तिने विचारलं नाही. परतताना गाडी बदरपूरच्या गर्दीत अडकली. तेव्हा तिने वेगळंच विचारलं.

"पुढच्या शिडाशी बसायला पोहता यावं लागतं का?"

"साधनाला येत नव्हतं," ते म्हणाले. "जॅकेट घालायचं. आणि मी सांगेन तेव्हा दोर सोडायचा."

"फक्त सोडायचा?"

"सोडायचा आणि पुन्हा धरायचा. जमेल तुला."

*

ट्रेलरच्या नंबराच्या पाट्या, कागदपत्रं, दिवे यांत होळी होऊन गेली. त्या मधल्या काळात दर रविवारी पद्माकरराव मेट्रोच्या पिंक लाइनने आयएनए स्टेशनला उतरून रेवतीकडे गेले. पहिल्या वेळी दोघांनी वरणभात खाल्ला आणि टीव्हीवर कुठलीतरी जुनी क्रिकेट मॅच पाहिली. ढाब्यावरचं बोलणं कुणीच काढलं नाही. निघताना तिने पुढच्या रविवारी काय करू, असं विचारलं. त्यांनी आमटी सांगितली.

श्रीरंगचा मात्र फोन नव्हता. हेमलताने त्याला सांगितलं होतं की बाबांनी रुंद ट्रेलर घेतला. त्यावर, चला, निदान एवढं तरी ऐकलं, असं म्हणून तो लॅपटॉपकडे वळला होता. त्याच्या मनातला राग आता होडीवर राहिला नव्हता. दर वेळी "बरोबर कोण आहे" असं विचारून, "गुलाबराव" हे उत्तर ऐकून, निर्धास्त होऊन आपण फोन ठेवत होतो, हे त्याला खुपत होतं. गुलाबराव कसे आहेत, एवढं जरी एकदा विचारलं असतं तरी सगळं कळलं असतं.

ट्रेलर आला त्या गुरुवारी संध्याकाळी पद्माकररावांनीच त्याला फोन केला. श्रीरंग ऑफिसमधून निघत होता. स्क्रीनवर "बाबा" पाहून तो दचकला. बाबा आपणहून फोन करत नसत.

इकडचं तिकडचं झालं. रुचिताची चौकशी झाली. मग बाबा म्हणाले, "रविवारी वेळ आहे का तुला?"

"का?"

"टिटवी काढायची होती. हेमलता पुढे बसते म्हणालीय. पण ट्रेलर जड आहे, तिला आणि मला वर ओढवणार नाही. आणखी एक माणूस लागतं."

श्रीरंग पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा राहिला. थकलेल्या आवाजात म्हणाला, "विंच लावून घ्यायची होती ना मग, बाबा. चांगली मिळते आजकाल."

"तो लावतो म्हणत होता. मीच नको म्हटलं."

"का पण?"

  बाबांचा आवाज आला, अगदी सरळ, नेहमीसारखाच.

"विंच असती तर तुला फोन करावा लागला नसता."

श्रीरंगच्या शेजारून गाड्या निघत होत्या. कुणीतरी त्याला हात केला, त्याला ते दिसलं नाही. लहानपणी तो होडीत उलटी करायचा तेव्हा बाबा रागवायचे नाहीत, नुसते काठाकडे वळवायचे. नंतर त्यांनी त्याला कधी ये म्हटलं नाही आणि त्यानेही कधी येऊ का म्हणून विचारलं नाही. इतकी वर्षं दोघंही समजत होते की दुसऱ्याला तेच हवंय.

"मला उलटी होते," तो म्हणाला.

"तू काठावरच थांब. ओढायच्या वेळी ये फक्त."

"नाही, ते... बघू." तो गाडीचं दार उघडून आत बसला. "सकाळी लवकर निघायचं असेल ना? रविवारी गुरुग्रामहून निघून तुमच्याकडे येईपर्यंत उशीर होईल. आम्ही शनिवारीच येतो. राहायला."

पद्माकरराव "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते आतल्या खोलीत गेले. ती श्रीरंगची खोली. त्याच्या पलंगावर गेली दोन वर्षं टिटवीची शिडं पसरून ठेवलेली होती, कारण तिथे दुसरं कुणी झोपत नव्हतं. त्यांनी दिवा लावला. शिडं उचलली, एकट्याने घडी घालायला जमेना म्हणून एक टोक हनुवटीखाली धरलं, कशीबशी घडी केली आणि ती बाहेर सोफ्यावर नेऊन ठेवली. परत येऊन गादी झटकली. कपाटातून धुतलेली चादर काढली आणि ती पलंगावर चारही बाजूंनी नीट, ताणून घातली.